कन्सोल शांत आहे

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या थोडं आधी, एका दुपारी मी एका ओळीतला १००० हा आकडा खोडून तिथे ७४९ लिहिलं. त्या दिवसाच्या कामात सांगण्यासारखं एवढंच होतं. पुढे जे झालं ते त्या आकड्यामुळे झालं की त्या आकड्यामागे बसलेल्या माझ्यामुळे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सुटला असता तर हा लेख लिहिला नसता.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत डेस्कटॉप ॲप बनवते. मोबाइलचं नव्हे, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारं, ज्याची खिडकी कोपऱ्याला धरून लहानमोठी करता येते ते. आमचं एक ॲप पॅथॉलॉजी लॅबसाठी आहे. आज कोण कोण पेशंट आले, कोणाची कोणती चाचणी, रिपोर्ट तयार झाला का, पैसे किती बाकी, हे सगळं एका यादीत दिसतं. तालुक्याच्या गावातल्या एका लॅबनं ते घेतलं होतं. तिथे काउंटरवर मॅक होता, ही डॉक्टरांच्या मुलाची हौस. आणि त्याला एक जुना, चौकोनी मॉनिटर जोडलेला होता, ही डॉक्टरांची काटकसर.

आता थोडं तांत्रिक बोलावं लागेल. कंटाळवाणं नाही, आणि त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय. फोन आडवा करून बघा. ओळी पसरतील, अक्षरं नव्यानं बसतील, काही तुटणार नाही. हे आपोआप होतं असं वाटतं, पण कुणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं. पूर्वी आम्ही 'हे बटण डावीकडून २० वर ठेव' असं थेट आकड्यांत सांगायचो. खिडकी ओढली की सगळं विस्कटायचं. म्हणून आता आकडे कमी आणि नाती जास्त सांगतो. हे त्याच्या उजवीकडे. या दोघांची रुंदी सारखी. हे १३० पेक्षा अरुंद कधीच नको. अशा प्रत्येक वाक्याला कन्स्ट्रेंट म्हणतात. मी इथे 'अट' म्हणेन. एका खिडकीत अशा शेकडो अटी असतात, आणि त्या सगळ्या एकत्र घेऊन कोणाच्या वाट्याला किती जागा येते हे गणित एक इंजिन सोडवतं.

ही कल्पना जुनी आहे. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँडनं स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला; त्यात पडद्यावर लाइट पेननं रेघा काढायच्या आणि 'या दोन समांतर ठेव' अशी अट घालायची, की प्रोग्रॅम त्या समांतर करून द्यायचा. नव्वदच्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन बॉर्निंग, ग्रेग बॅड्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खिडक्यांच्या मांडणीसाठी एक झटपट रीत तयार केली. तिला कॅसोवरी हे न उडणाऱ्या एका पक्ष्याचं नाव दिलं. तिच्या पोटात जॉर्ज डँट्झिगची १९४७ सालची सिम्प्लेक्स पद्धत आहे, जी मुळात अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनाचे प्रश्न सोडवताना जन्माला आली. ॲपलनं २०११ साली मॅकवर जे ऑटो लेआउट आणलं ते या कॅसोवरीवरच उभं आहे. म्हणजे विमानदलाचं नियोजन करायचं गणित आज 'नाव' या शब्दाला किती जागा द्यायची ते ठरवतं.

सगळ्या अटी नेहमीच एकत्र नांदत नाहीत. म्हणून प्रत्येक अटीला एक प्राधान्य असतं, १ पासून १००० पर्यंत. १००० म्हणजे आवश्यक, मोडायचीच नाही. त्याखालच्या सगळ्या 'जमलं तर'. पडद्यावरच्या प्रत्येक मजकुराचे जन्मजात दोन हट्ट असतात: मला दाबू नका, आणि मला उगाच ताणू नका. कोणी मुद्दाम बदलले नाहीत तर पहिल्याचं प्राधान्य ७५० आणि दुसऱ्याचं २५०. मला हे नेहमी गमतीचं वाटत आलंय. ताणलं जाणं आपण सहन करतो, दाबलं जाणं नाही, हे त्या आकड्यांनाही ठाऊक आहे.

दोन आवश्यक अटींचंच भांडण लागलं, तर इंजिन कन्सोलवर, म्हणजे फक्त आम्हा प्रोग्रॅमरांना दिसणाऱ्या त्या काळ्या चौकोनात, लांबलचक तक्रार लिहितं. या सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत; यातली निदान एक तरी तुम्हाला बहुधा नकोच असावी, ती शोधा; तूर्त मी ही एक तोडून वेळ मारून नेतो. आणि खाली अटींची यादी. कोणती तोडायची ते इंजिन ठरवतं. आपल्या मनात काय महत्त्वाचं होतं ते त्याला कळायला मार्ग नाही, कारण आपण सगळ्यांच्याच कपाळावर १००० लिहून ठेवलेलं असतं.

इथे एक बारकावा आहे. आवश्यक अट तुटली की ती पूर्ण जाते, हिशेबातूनच बाद होते. पण ९९९ ची अट पूर्ण पाळता आली नाही, तर इंजिन तिच्या शक्य तितकं जवळ जायचा प्रयत्न करतं. म्हणून जुने प्रोग्रॅमर नव्यांना सांगतात, १००० लिहू नकोस, ९९९ लिही. हट्टात एक पाऊल मागे ठेवलं तर पदरात बरंच काही पडतं. हा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो चुकीच्या ठिकाणी वापरला.

आमच्या यादीचं गणित असं होतं. त्या चौकोनी मॉनिटरची रुंदी १२८०. खिडकी पडद्याबाहेर जाऊ नये म्हणून तिची कमाल रुंदीही आम्ही अटीनं बांधली होती. डावीकडे लॅबचा लोगो आणि मेनू असलेली २४० ची पट्टी. कडेच्या मोकळ्या जागा मिळून ४०. उरले १०००. त्यात चाचणीला २६०, बाकी रकमेला १४०, रिपोर्टच्या स्थितीच्या रंगीत पट्टीला १३०, आणि 'कोणी पाठवलं' या रकान्याला २३०. बेरीज ७६०. पेशंटच्या नावाला उरले २४०. आपल्याकडचं तीन पदरी नाव, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव, त्या आकाराच्या देवनागरीत मांडायला ३०० च्या आसपास लागत होते.

साठ कमी पडत होते. सगळ्या अटी १००० च्या. कन्सोल दर सेकंदाला बोंबलत होतं.

मग मी बसून कोण हटू शकेल ते बघितलं. लोगोची पट्टी डिझायनरनं २४० ची काढली होती आणि ती डॉक्टरांना पसंत पडली होती. बाकी रक्कम कापली जाणं शक्यच नव्हतं. लॅबवाले पहिली तक्रार तीच करतात. स्थितीची रंगीत पट्टी डेमोत छान दिसते असं आमच्या विक्रीवाल्याचं म्हणणं. आणि 'कोणी पाठवलं' हा रकाना, म्हणजे पेशंटला लॅबकडे धाडणाऱ्या डॉक्टरांचं नाव, पूर्णच दिसायला हवा असं बजावून सांगितलं होतं. त्यामागचं अर्थशास्त्र महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. चाचणीचं नाव कापलं तर टेक्निशियन ओरडला असता.

उरलं पेशंटचं नाव. त्याच्यासाठी भांडायला त्या मीटिंगमध्ये कोणी नव्हतं. पेशंट नव्हता, काउंटरवर बसणाऱ्या ताईही नव्हत्या. आणि आमच्या चाचणीच्या यादीत जी नावं होती ती डिझाइनच्या साच्याबरोबर आलेली, रोमन लिपीतली, जॉन डो छापाची. ती २४० मध्ये ऐसपैस बसत होती.

मी नावाचं प्राधान्य ७४९ केलं. कन्सोल गप्प झालं. त्या शांततेत मी चहा प्यायला गेले, हे मला स्पष्ट आठवतं.

पुढचं मला महिन्याभरानं कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. त्या लॅबमध्ये दिवाळीआधी एकाच सकाळी दोन बाया रक्त देऊन गेल्या. नावं बदलून लिहिते: सुनीता ज्ञानेश्वर पाटील आणि सुनीता ज्ञानेश्वर पानसरे. दोघींची चाचणी तीच, गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी. वयात दोन वर्षांचं अंतर. यादीत दोघी एकाखाली एक, आणि दोघींचं नाव असं दिसत होतं: 'सुनीता ज्ञानेश्वर पा…'

संध्याकाळी पाटीलबाई आल्या. ताईंनी वरची ओळ निवडली, रिपोर्ट छापला, पाकिटात घालून दिला. तो पानसऱ्यांचा होता: ५.४. त्या ओळीसमोर 'दिला' अशी हिरवी पट्टी आली. थोड्या वेळानं पानसरेबाई आल्या. यादीत 'सुनीता ज्ञानेश्वर पा…' अशी एकच ओळ शिल्लक होती. ताईंनी ती छापली. ९.१.

छापील कागदावर दोघींची नावं पूर्ण होती. पण रिपोर्ट हातात आला की आपण कोणीच नाव वाचत नाही, आकडा वाचतो. एका घरात त्या दिवाळीला करंज्या, शंकरपाळे, अनारसे, काही वर्ज्य राहिलं नाही. दुसऱ्या घरात एका निरोगी बाईनं सगळ्यांसाठी फराळ केला आणि स्वतः चव बघायलाही तोंडात घातला नाही. दिवाळी सरल्यावर तिच्या डॉक्टरांनी कागद सरळ धरून वाचला आणि विचारलं, "पाटील कोण?"

म्हणाल तर मोठं काही झालं नाही. कोणी दगावलं नाही, कोणी कोर्टात गेलं नाही. पण लॅबच्या डॉक्टरांनी आम्हाला फोन केला तेव्हा ते असं म्हणाले: "आमच्या बाईंनी घोळ घातला. तिला काउंटरवरून काढून आत नमुन्यांच्या नोंदीला बसवलंय. तुम्ही जमलं तर आडनावाचा वेगळा रकाना द्या."

मी तो फोन स्पीकरवर ऐकत होते. टीममध्ये ७४९ फक्त मला माहीत होता.

या प्रकरणानंतर मला एक गोष्ट खटकू लागली, जी मला वर्षानुवर्षं तांत्रिकदृष्ट्या माहीत होती. आवश्यक अट तुटली तर कन्सोलवर तक्रार लिहिली जाते. पण ऐच्छिक अट पाळली गेली नाही तर कुठेही, काहीही लिहिलं जात नाही. इंजिनाच्या दृष्टीनं तिथे घडलेलंच काही नसतं. म्हणजे मी १००० चं ७४९ केलं तेव्हा जागा साठनं वाढली नव्हती. तोटा जेवढा होता तेवढाच राहिला. मी तो फक्त अशा ठिकाणी सरकवला जिथे त्याची नोंद होत नाही. आणि नोंद बंद झाली याला मी प्रश्न सुटला असं म्हटलं. आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. कामाच्या नोंदीत मी त्या दिवशी लिहिलंय: लेआउटचा इशारा दूर केला.

कोणीतरी दबणार होतंच, हे मी नाकारत नाही. १००० जागेत १०६० मावत नाहीत, आणि जो म्हणतो की नीट विचार केला तर सगळ्यांचं सगळं जमतं, त्यानं कधी चौकोनी मॉनिटर पाहिलेला नसतो. पण कोणीतरी दबणं अटळ आहे आणि हेच दबणार हे अटळ आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या आड दुसरी सहज खपून जाते. मी स्वतःशी अनेक दिवस पहिलंच वाक्य बोलत होते.

तत्त्वज्ञानात याच्याशी जुळणारा एक जुना वाद आहे. अनेकांच्या मागण्या परस्परविरोधी असतील तर निवाडा कसा करायचा? एक मार्ग बेरजेचा. सगळ्यांचं सुखदुःख मोजा, ज्यात बेरीज जास्त ते करा. बेंथमपासून उपयुक्ततावादी असंच काहीसं सांगत आले. यातली अडचण उघड आहे: पुरेशा लोकांना थोडी थोडी सोय होत असेल तर एकाला चिरडणंही बेरजेत बसू शकतं. दुसरा मार्ग पायऱ्यांचा. जॉन रॉल्सनं १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या पुस्तकात तो मांडला. शब्दकोशात शब्द लावताना पहिलं अक्षर निकाल लावतं. 'कमळ' हा 'खण'च्या आधी येणार, पुढची अक्षरं काहीही असोत. तसं मूलभूत स्वातंत्र्य वरच्या पायरीवर. खाली कितीही आर्थिक फायदा दिसत असला तरी त्याच्या बदल्यात ते विकायचं नाही.

कॅसोवरीच्या मूळ मांडणीतही नेमक्या पायऱ्याच आहेत. वरच्या पायरीचं आधी पूर्ण मिटवायचं, मग उरलेल्यात खालची. खालच्या हजार अटी मिळूनही वरच्या एकीला हलवू शकत नाहीत. बेरीज होते ती एकाच पायरीवरच्यांची. मला हे कळलं तेव्हा आधी आनंद झाला होता, की वा, आपलं इंजिन रॉल्सच्या बाजूचं आहे. पायऱ्या दुबळ्याचं रक्षण करतात, असं मी धरून चालले होते. करतात, पण वरच्या पायरीवर योग्य गोष्ट ठेवली असेल तर. मी तिथे लोगो ठेवला होता. तीच यंत्रणा मग तितक्याच कठोरपणे लोगोचं रक्षण करत राहिली. आणि ७४९ हा आकडा दिसायला किती सौम्य आहे बघा, ७५० च्या जेमतेम खाली. पण बाकी सगळे १००० वर असताना मी तिथे १ लिहिला असता तरी त्या ओळीत कणभर फरक पडला नसता. आकडा जवळचा ठेवून मी स्वतःची समजूत घातली की फार काही काढून घेतलेलं नाही.

रॉल्सचीच दुसरी कल्पना म्हणजे अज्ञानाचा पडदा: समाजाचे नियम ठरवताना त्या समाजात आपण कोण असणार हे आपल्याला ठाऊक नाही असं धरा. मराठीत हा शब्द आयताच मिळालाय, कारण आम्ही स्क्रीनलाही पडदाच म्हणतो. त्या मीटिंगमध्ये आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की आपण कोण आहोत. आपण त्या यादीतली एक ओळ नाही, हे तर नक्कीच माहीत होतं. आपलं नाव अमित राव निघेल की तीन पदरांचं लांबलचक, हे ठाऊक नाही असं समजून ती यादी बनवली असती, तर लोगोची पट्टी २४० ची राहिली असती का? मला नाही वाटत.

हे सगळं डोक्यात असताना त्या वर्षी मी घरी गेले आणि भलत्याच ठिकाणी तेच दिसायला लागलं. हा या धंद्याचा दोष आहे. सुताराला सगळीकडे लाकूड दिसतं. आमच्या घरात चौघं. कुठे जेवायला जायचं, असं विचारलं की तिघांची तीन उत्तरं येतात आणि आई म्हणते, "मला काहीही चालेल." तिचा गुडघा सहा वर्षं दुखत होता. आधी दादाचं लग्न होतं, मग माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा, मग बाबांचं ऑपरेशन, मग पावसाळा होता. यातलं काहीच खोटं नव्हतं. प्रत्येक गोष्ट खरोखर १००० ची होती. आणि घरात कधी भांडण झालं नाही. आम्ही नातेवाइकांना कौतुकानं सांगायचो, आमच्याकडे कटकट नाही.

मी आईला हे बोलून दाखवलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती चिडली. "मला कोणी दाबलं नव्हतं," ती म्हणाली, "मी ठरवलं होतं. तुझ्या त्या ॲपमधलं लेबल आहे का मी?"

तिचं बरोबर आहे, आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. लेबल स्वतःचा आकडा स्वतः लिहीत नाही, माणूस लिहू शकतो. प्रेमापोटी मागे सरणं आणि मागे ढकललं जाणं एकच नव्हे. पण नंतर माझ्या मनात आलं, की आईनं आपला आकडा लिहिला तेव्हा बाकीच्यांचे आकडे तिनं पाहिले होते. आमच्यापैकी कोणी तिचा पाहिला होता का? आम्हाला ती सहा वर्षं जिन्यावर एक एक पायरी थांबत चढताना दिसत होती. आम्ही त्याला तिची चाल समजत होतो.

पाटीलबाईंनी तर काहीच ठरवलं नव्हतं. आपल्या आडनावावर ७४९ लिहिलंय हे त्यांना आजही माहीत नाही.

यात एक उपकथानक आहे ते सांगायलाच हवं, कारण त्यानं माझं मत थोडं बदललं. मजकूर जागेत मावत नसेल तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, शेवटी तीन टिंबं येतात. दुसरी, नुसताच कापला जातो. दुसरी गोष्ट देवनागरीच्या वाट्याला फार येते, कारण लेबलची उंची रोमन अक्षरांच्या मापानं पक्की केलेली असते आणि आपली लिपी वर वेलांट्या, रफार आणि खाली उकार घेऊन येते. खालचा उकार कापला की 'सुमन'चं 'समन' होतं आणि वाचणाऱ्याला काही कापलं गेलंय याची शंकाही येत नाही. त्या मानानं तीन टिंबं प्रामाणिक. ती निदान कबूल करतात, की इथे अजून काहीतरी होतं.

आमच्या यादीत टिंबं होती. म्हणजे कन्सोलवर नोंद नसली तरी पडद्यावर ती होती, दिवसभर, प्रत्येक ओळीत. ती वाचणारी व्यक्ती मला कळवू शकेल असा रस्ता मात्र मी ठेवला नव्हता.

दुरुस्ती सोपी होती, अर्ध्या दिवसाचं काम. नाव दोन ओळींत वळू दिलं, त्यासाठी प्रत्येक ओळीची उंची वाढवली. लोगोची पट्टी १८० वर आणली. आता एका वेळी यादीत पूर्वीपेक्षा कमी पेशंट दिसतात आणि जास्त स्क्रोल करावं लागतं. म्हणजे दबणं संपलेलं नाही, ते आता ताईंच्या बोटावर आणि डॉक्टरांच्या लोगोवर वाटलं गेलंय. 'कोणी पाठवलं' या रकान्यालाही मी ७४९ दिला आणि कोणाला सांगितलं नाही. यात थोडा सूड होता, हे मान्य करते. नव्या आवृत्तीसोबत ग्राहकांना जी टीप जाते तिच्यात मी लिहिलं: पेशंट यादीचं स्वरूप सुधारलं आहे.

ते वाक्य खोटं नव्हतं. ते वाचून कोणाला कळलं नसतं की काउंटरवरच्या बाईंची चूक नव्हती. मी हे वाक्य दोनदा वाचलं आणि पाठवलं.

आणखी तीन आठवड्यांनी मी डॉक्टरांना फोन केला. आमच्या साहेबांना न विचारता. सांगितलं, की यादीत दोन्ही नावं सारखीच दिसत होती, ते आमच्या मांडणीमुळे. आडनाव दिसायला जागाच ठेवली नव्हती. तिथे कोणीही असतं तरी हेच झालं असतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अहो, पण वय तर दिसत होतं ना." मी म्हटलं, वय दिसत होतं. ते म्हणाले, "ठीक आहे, बघतो." आणि फोन काउंटरवर दिला, कारण त्या दिवशी तिथे दुसरं कोणी नव्हतं आणि ताईच बसल्या होत्या. त्यांना केव्हा परत आणलं, माझ्या फोनच्या आधी की कसं, हे मी विचारलं नाही.

मी त्यांना तेच सगळं पुन्हा सांगितलं. ७४९ चं नाही सांगितलं, ते त्यांच्या काय कामाचं. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते टिंब टिंब मला पहिल्या दिवसापासून दिसायचं. मला वाटायचं आमचाच पडदा लहान आहे."

मी म्हटलं, "ताई, मग सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगायचं?" त्यांनी अगदी सहज विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

मग त्यांनी विचारलं, आता बोलतेच आहे तर, अक्षर जरा मोठं करता येईल का? संध्याकाळी डोळे दुखतात. मी म्हटलं, बघते. फोन ठेवल्यावर फाइल उघडली, अक्षराचा आकार दोन अंकांनी वाढवला आणि चालवून पाहिलं. कन्सोल पुन्हा बोंबलायला लागलं. नऊ अटींची यादी होती. मी ती बंद न करता कागदावर उतरवून घेतली, प्रत्येकीसमोर ती कोणाची आहे ते लिहिलं, आणि चहाला न जाता बसून राहिले.